सायप्रसच्या विहिरीवरची पुंगी

सोलापूर

परत येऊन चार महिने झाले, तरी होटगी नाक्यावरच्या माझ्या गॅरेजात येणारा प्रत्येक जण अजून तेच विचारतो, "अप्पा, लढाई बघितली का वो?" मी नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. माणूस विमानात बसून एवढ्या लांब जातो आणि लढाई न बघता परत येतो म्हणजे काय! मी बघितली ती एक विहीर, एक बंद पडलेलं इंजिन आणि लिंबाची दोनशे-सव्वादोनशे झाडं. ज्यांना तोफा हव्या असतील त्यांनी इथेच थांबावं, उगाच मागाहून मला बोल लावू नये.

मी शेतीच्या इंजिनांचा मेस्त्री. आमच्या दक्षिण सोलापुरात विहिरीवर जी जुनी, काळी, हँडल मारून चालू करायची विलायती इंजिनं आहेत, त्यातली निम्मी माझा हात ओळखतात म्हटलं तरी चालेल. बहात्तरच्या दुष्काळात तर मी घरी कमी आणि विहिरीत जास्त होतो. बार्शीच्या देशमुखांच्या मळ्यातलं इंजिनही माझ्याकडेच यायचं. त्या देशमुखांचा धाकटा मुलगा लष्करात मेजर झाला आणि शांतिसेनेच्या कचेरीत नेमणूक होऊन सायप्रसला गेला. तिथं एक जुनं इंजिन अडलं. युरोपातले शिकलेले इंजिनिअर त्याच्याभोवती फिरून गेले. त्यांना सगळं येत होतं, फक्त त्यांच्या वडिलांच्या काळातलं इंजिन येत नव्हतं. तेव्हा मेजरांना माझी आठवण झाली. शहात्तरच्या जूनमध्ये मला बोलावणं आलं.

सायप्रस हा समुद्रातला छोटा देश. ग्रीक बोलणारे ख्रिस्ती आणि तुर्की बोलणारे मुसलमान तिथं पिढ्यान्पिढ्या शेजारी राहत होते. मग आपसांत मारामाऱ्या सुरू झाल्या आणि दोन वर्षांपूर्वी मोठी लढाई होऊन देशाचे दोन तुकडे पडले. उत्तरेला तुर्की, दक्षिणेला ग्रीक. दोन्ही फौजा समोरासमोर बंदुका रोखून बसल्या आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात निळ्या टोप्यांची शांतिसेना आली. त्या पट्ट्यात कुणी राहायचं नाही, कुणी पेरायचं नाही.

हे सगळं मी महादेवीला, माझ्या बायकोला, समजावून सांगितलं. ती कडक भाकरी फडक्यात बांधत होती. शेंगाच्या चटणीचा डबा वर ठेवत ती फक्त "हुशार री" म्हणाली, म्हणजे सांभाळून राहा. आमच्या घरात काळजी कन्नडमध्ये केली जाते आणि भांडण मराठीत.

लार्नाका आणि निकोसिया

विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसलो, उतरलो. लार्नाकाच्या विमानतळावर मात्र तपासणीच्या साहेबानं माझ्या पाने-पकडींकडे दुर्लक्ष करून चटणीचा डबा उघडला. लाल भुकटी बघून त्याला भलताच संशय आला. मी खाण्याची खूण केली. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं माझ्या कागदावर इतक्या घाईनं शिक्का मारला की मागचे लोक हसायला लागले.

बाहेर मेजर देशमुख उभे होते. निळी टोपी, कडक इस्त्री आणि तोंडात बार्शी. "या सिद्रामप्पा! भाकरी आणलीया का न्हाय?" म्हणाले. तिथंच गाडीत बसून त्यांनी दोन भाकऱ्या कुस्करल्या. दीड वर्षानं भाकरी खाणाऱ्या माणसाकडे बघवत नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

राजधानी निकोसिया. शांतिसेनेचा तळ जुन्या विमानतळाशेजारी आहे. हा विमानतळ लढाईत जो बंद पडला तो पडलाच. धावपट्टीवर एक मोडकं विमान तसंच उभं आहे, त्याच्या चाकांपाशी गवत वाढलंय. शहरात रस्ते मध्येच पिंपं आणि वाळूची पोती लावून अडवलेले. एका दुकानाचा दरवाजा एका देशात आणि परसदार दुसऱ्या देशात. भावाभावांनी घराच्या मधोमध भिंत घातलेली आपण बघतो, चूल एकाकडे आणि पाण्याचा रांजण दुसऱ्याकडे. पण इथल्या भिंतीपाशी माणसं मेली होती. त्यामुळे माझ्या तोंडाशी आलेला विनोद मी गिळला.

तिथं मेजरांनी मला काम सांगितलं. पश्चिमेकडे डोंगराच्या पायथ्याशी लिंबाची एक बाग आहे. नेमकी मधल्या पट्ट्यात. अर्धी बाग दक्षिणेकडच्या ग्रीक गावातल्या यानिसची, अर्धी उत्तरेकडच्या तुर्की गावातल्या हसनची. विहीर आणि इंजिन सामाईक.

"दोन उन्हाळे झाडांना पाणी न्हाय," मेजर म्हणाले. "हितं पाऊस हिवाळ्यात पडतो, त्या ओलीवर आन आमच्या टँकरवर कशीबशी तगलीत. ह्या उन्हाळ्यात इंजिन चाललं न्हाय, तर बाग गेली म्हनून समजा. दोन्ही फौजांनी दहा दिवसांची परवानगी दिलीया. दहाव्या दिवशी आपन भाईर."

मला राहवलं नाही. विचारलं, "साहेब, एवढ्या मोठ्या फौजेनं दोनशे झाडांसाठी धावायचं?"

"मोठ्या गोष्टींवर दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलतच न्हाईत की," ते म्हणाले. "पानी, मेंढरं, टपाल असल्या गोष्टींवर बोलत्यात. त्यांना बोलाय लावायचं, हेच आमचं काम."

पट्ट्यातली विहीर

त्या भागात डेन्मार्कचे सैनिक होते. त्यांचा कॅप्टन लार्सन उंच, गोरा, उन्हानं भाजून गाजरासारखा झालेला. त्याच्या हातात कायम एक वही. पट्ट्यात पक्षी उडाला तरी हा लिहून ठेवत असेल असं मला वाटलं आणि ते फारसं खोटं नव्हतं. त्यानं मला पहिला नियम सांगितला. जमिनीवर पांढरी फीत टाकलेली आहे, तिच्या आतच पाय ठेवायचा. बाहेर सुरुंग आहेत. दुसरा नियम, यानिस आणि हसन एकाच वेळी विहिरीवर येणार नाहीत. तसं लिहूनच परवानगी मिळाली होती.

जागा मात्र बघून जीव सुखावला. मागे तांबूस डोंगर, पुढे लांबवर निळा समुद्र, बांधावर फड्या निवडुंग. समुद्र सोडला तर आमच्या अक्कलकोट रस्त्यावर उभा आहे असं वाटावं. बाग बघितली आणि सुख गेलं. कडेची झाडं वाळून कोळसा झालेली. मधली जिवंत होती, पण पानं आत वळलेली, जणू झाडानं मूठ आवळून धरलीय. एका फांदीची साल मी नखानं खरवडली. आत हिरवं होतं.

इंजिन विहिरीतल्या दगडी ओट्यावर. मी बघितलं आणि मोठ्यानं हसलो. हे तर आमच्या होटगीच्या पाटलांच्या इंजिनाचं सख्खं भावंड! धुराड्यात गांधीलमाश्यांचं पोळं, दट्ट्या गंजून जागीच धरलेला. पण दोन वस्तू नव्हत्या. चालू करायचं हँडल नव्हतं आणि पंपाला फिरवणारा पट्टा नव्हता.

"चोरीला गेल्या," कॅप्टन म्हणाला. "नवीन मागवायला महिना लागेल."

मी म्हटलं, "चोरानं इंजिन ठेवून हँडल नेलं? साहेब, आधी मालकांना विचारा."

सामाईक विहिरीवर भाऊबंदांचं वाजलं की आमच्याकडे पहिल्या दिवशी हँडल गायब होतं. ज्याच्या घरात हँडल, त्याला रात्री झोप. हे त्या कॅप्टनला कुठल्या पुस्तकात सापडणार?

दोन घरं

आधी यानिसच्या घरी गेलो. साठी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, काळा सदरा. त्यानं आणि हसननं तरुणपणी इंग्रजांच्या काळात तांब्याच्या खाणीत एकत्र काम केलेलं. त्यामुळे दोघांनाही माझ्याइतकंच मोडकं इंग्रजी यायचं. त्यांचं बोलणं मी इथं आमच्या गावाकडच्या बोलीत लिहितो, कारण मला ते तसंच ऐकू येत होतं.

बसल्याबरोबर त्याच्या सुनेनं बशीतून पाकातला कोवळा अक्रोड आणि गार पाण्याचा पेला आणला. पावण्याला आधी गोड आणि पाणी! आमच्याकडे गूळ देतात, एवढाच फरक. सुनेच्या अंगावर पूर्ण काळे कपडे. भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो, खाली दिवा. यानिसचा मुलगा लढाईत गेला तो परत आला नव्हता. मेला म्हणावं तर निरोप नाही, जिवंत म्हणावं तर पत्र नाही. मी पेला हातात धरून बसलो.

हँडलाचं विचारताच यानिस उठला आणि पलंगाखालून गोणपाटात गुंडाळलेलं हँडल काढून आणलं. तेल लावून लख्ख ठेवलेलं.

"पळापळ झाली तवा हातात हेच घिऊन आलो," तो म्हणाला. "म्हातारी वरडत हुती, भांडी घ्या म्हनून."

"आणि पट्टा?"

"त्यो हसनकडं असंल. मी हँडल नेलं म्हंजे त्यो पट्टा सोडनार न्हाय. तुमी बघा, जपून ठेवला असंल त्यानं."

दुसऱ्या दिवशी फेरा घालून, दोन तपासणी नाके ओलांडून हसनच्या गावात गेलो. सरळ रेषेत तासाभराची चाल होती, आम्हाला अर्धा दिवस लागला. हसन बुटका, हसरा, डोक्याला रुमाल. तिथंही बशी आली. पाकातला अक्रोड आणि गार पाणी. मी बशीकडे बघत राहिलो आणि कॅप्टननं माझ्याकडे बघून खांदे उडवले. भिंतीवर इथंही एक फोटो होता. हसनचा धाकटा भाऊ दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मारामारीत गेला होता. एकाच्या घरी बसून आलो की दुसऱ्याचा राग यावा, तर या घरात तेवढंच दुःख. कुणावर रागवायचं तेच मला कळेना, आणि खरं सांगतो, त्याचाच मला राग आला.

मी सोलापूरचा. आमच्या गल्लीतल्या दखनी उर्दूतले दुनिया, हवा, साबुन, बादाम हे शब्द हसनला कळत होते आणि त्याचा "तमाम", म्हणजे ठीक, मला. आम्ही तेवढ्यावर बराच वेळ खुशालीत काढला. मग त्यानं कणगीतून पट्टा काढला. कातडी पट्टा, वेटोळं करून, मेण चोळलेला.

"हँडल यानिसकडं हाय न्हवं?" त्यानं आपणहून विचारलं.

"हाय."

"गंजवलं न्हाय ना?"

"न्हाय."

तो नुसती मान हलवत राहिला. निघताना दारापर्यंत आला आणि कॅप्टनला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "त्याच्या पोराचं काय कळलं का?" मी नाही म्हटलं. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि घरात गेला.

पुंगी

पुढचे पाच दिवस मी विहिरीतच होतो. दट्ट्यावर रॉकेल आणि तेल ओतून दोन दिवस भिजत ठेवला, मग लाकडी ठोकळा धरून हळूहळू सोडवला. पाण्यातल्या नळीच्या तळाशी जी झडप असते, जिला आमचे शेतकरी फुटबॉल म्हणतात, तिचं कातडं कुजलं होतं. कॅप्टननं आपला जुना बूट आणून दिला. त्यातून नवं कातडं कापलं. दुपारी त्याचे सैनिक डब्यातलं मांस आणि काळा पाव खायचे. मी लिंगायत, शाकाहारी. यानिसकडून आलेली चवळीची उसळ त्यांच्या पद्धतीनं लिंबू आणि तेल घालून खायचो, कधी हसनकडचं तळलेलं मेंढीचं चीज, जे दातांखाली कुरकुरतं. त्यावर आमची चटणी. एका सैनिकानं मर्दुमकी दाखवायला चमचाभर खाल्ली आणि विहिरीतल्या पाण्यात तोंड घातलं.

आठव्या दिवशी सकाळी सगळं जुळलं. हँडल बसवलं, पट्टा चढवला. आणि तिथं माझी चूक झाली. चूक कसली, हाताची सवय.

आमच्याकडे विहिरीवरचं इंजिन नुसतं चालून भागत नाही. ते घरी ऐकू आलं पाहिजे. मालक ओसरीवर जेवायला बसलेला असतो आणि इंजिनाचा ठोका ऐकून ओळखतो की पाणी चाललंय, ओढ घेतंय की बंद पडलंय. म्हणून धुराड्याच्या तोंडावर आम्ही तळ काढलेला पत्र्याचा डबा बसवतो. त्याला पुंगी म्हणतो. पुंगी बसली की ठोका दोन-तीन मैल जातो. पंचवीस वर्षांत पुंगीशिवाय मी एक इंजिन मालकाच्या ताब्यात दिलेलं नाही. माझा हात सैनिकांच्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्याकडे गेला. तळ कापला, धुराड्यावर ठोकून बसवला. महादेवाचं नाव घेतलं आणि हँडल मारलं.

टाक्! टाक्! टाक् टाक् टाक् टाक्!

डोंगरावर आपटून आवाज दुप्पट होऊन परत आला. पाटात तांबडं पाणी उसळलं. मी "आलं, आलं!" म्हणून काठावर येऊन नाचतोय आणि बघतो तर कॅप्टन जमिनीवर पालथा. त्याचे सैनिक पालथे. उत्तरेकडच्या टेकडीवर धावाधाव, दक्षिणेकडच्या टेकडीवर धावाधाव, दोन्हीकडे बंदुका वर आलेल्या. कुणीतरी हवेत एक गोळी झाडली. कोणत्या बाजूनं ते कॅप्टननं वहीत लिहिलं असेल, मी लिहीत नाही.

"बंद करा! बंद करा!" कॅप्टन ओरडला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इंजिनाकडे झेपावलो, पण तेवढ्यात विहिरीच्या काठावरून जे दिसलं त्यानं माझे हात तिथंच थांबले.

सगळा मुलूख आडवा पडला होता. पण दक्षिणेच्या बांधावरून यानिस चालत येत होता आणि उत्तरेच्या बांधावरून हसन. आज इंजिन लागणार हे कळून दोघेही सकाळपासूनच आपापल्या बांधाच्या टोकाशी येऊन थांबले असावेत. पळत नव्हते. आपल्या शेतावर निघाल्यासारखे, नाकासमोर, सरळ. कॅप्टन त्यांच्या-त्यांच्या भाषेत ओरडत होता, हात हलवत होता, त्याचा भाजलेला चेहरा पांढराफटक पडला होता. गस्तीचे सैनिक रोज त्याच बांधांवरून जायचे, म्हणून त्या दोघांच्या पायाखाली सुरुंग आले नाहीत. नशीब म्हणायचं. साऱ्या फौजांना बंदुका ऐकू आल्या होत्या. त्या दोन म्हाताऱ्यांना इंजिन ऐकू आलं होतं.

ते विहिरीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे राहिले. दोन वर्षांनी. मला वाटलं आता गळ्यात पडतील. छे! हसन वाकून बघत म्हणाला, "पट्टा उलटा चढवलाय की."

"उलटा न्हाय," यानिस म्हणाला. "तू नेहमी चढवायचास त्यो उलटा हुता."

"माझ्या हातनं वीस वर्सं चाललं."

"चाललं, पर कसं चाललं!"

मग यानिस पाटातल्या पाण्याकडे बघायला लागला. हसन म्हणाला, "पोराचं ऐकलं." यानिसनं मान हलवली. मध्ये विहीर होती, म्हणून कुणी कुणाला हात लावू शकलं नाही. मी इंजिन बंद केलं आणि पंप पुसत बसलो. माझ्या डोळ्यांत धूर गेला होता असं मी कॅप्टनला सांगितलं. त्यालाही तेच झालं असावं, कारण त्यानं वही उघडली नाही.

दहा मिनिटांनी सैनिकांनी दोघांना आपापल्या बाजूला पोचवलं आणि दुपारी परवानगी रद्द झाल्याचा निरोप दोन्हीकडून आला.

तंबूतली बैठक

नवव्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाची लाज वाटून जेवलो नाही. इंजिन चालू होतं, पाणी होतं, झाडांच्या सालीखाली हिरवं होतं, आणि माझ्या एका डब्यापायी सगळं थांबलं होतं. मेजरांनी शब्दानं दुखावलं नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. "आपन बैठक मागू," एवढंच ते म्हणाले.

पट्ट्यातल्या एका तंबूत बैठक झाली. दोन्हीकडचे अधिकारी टेबलाच्या दोन बाजूंना, मध्ये कॅप्टन आणि मेजर. मी कोपऱ्यात अपराध्यासारखा. पुंगी काढून टाकतो, आवाज येणार नाही, असं मेजरांनी सांगितलं. तेव्हा नवीच अडचण निघाली. एक अधिकारी म्हणाला, आवाजच आला नाही तर समोरचे ठरल्यापेक्षा जास्त पाणी ओढतील ते आम्हाला कळणार कसं? दुसरा म्हणाला, तेच आम्हाला म्हणायचंय. कॅप्टन म्हणाला, माझा सैनिक वेळ लिहून ठेवील. दोघेही हसले. त्यांचा एकमेकांवर विश्वास नव्हता आणि कॅप्टनच्या वहीवर त्याहून नव्हता.

मी उठलो. मेजरांना मराठीत म्हटलं, "साहेब, ह्यांना सांगा, पुंगी काढायची न्हाय. पुंगीच ठेवायची."

मेजर वळले. "सिद्रामप्पा, लई झालं की आता."

"ऐका तर. आमच्या होटगीला सामाईक विहिरीला पाळी असती. आज ह्याची, उद्या त्याची. पाळी कोन मोडतो ते बघाय कुनी विहिरीवर जाऊन बसतं का? सगळं गाव घरात बसून ऐकतं. पाळी नसताना इंजिन वाजलं की दहा जन उठून इचारत्यात, कुनाचं चाललंय? काल लोक घाबरले, कारन त्यांना म्हाईत नव्हतं. आधी सांगून, ठरल्या वेळंला वाजवा. मग चोरी करनार कोन आन कशी?"

मेजरांनी माझ्याकडे बघितलं. मग टोपी टेबलावर ठेवून सगळं इंग्रजीत सांगितलं. एक अधिकारी, वयानं मोठा, दाढी खाजवत म्हणाला की त्याच्या आजोळीही पाण्याची अशीच पाळी होती, तासांवर. दुसरा लगेच म्हणाला, आमच्याकडेही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा कागदांत तोंडं घातली. एवढ्यावरच थांबायला त्यांना लाज वाटली असावी, कारण पुढचं भराभर ठरलं.

दोन्ही गावांत आधी दवंडी. सकाळी सहा ते नऊ. एका वेळी एकच मालक, सोबत सैनिक. शुक्रवारी हसनला नमाज, म्हणून शुक्रवार यानिसचा. रविवारी यानिसला चर्च, म्हणून रविवार हसनचा. बाकीचे दिवस आळीपाळीनं. सोमवारी काय, असं कॅप्टननं विचारलं तेव्हा मी म्हटलं, सोमवारी आमच्याकडे बैलसुद्धा जुंपत नाहीत, इंजिनाला विश्रांती द्या. यावर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. सायप्रसमधलं एक इंजिन महादेवाचा वार पाळतं, हे मी महादेवीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा प्रवासावर खूश झाली.

दहाव्या दिवशी शुक्रवार होता. पहाटे गाडीत बसून आम्ही परतीला निघालो. सहा वाजता मेजरांनी चढावर गाडी थांबवली. मागे खालून ठोका आला. टाक् टाक् टाक्. दोन्ही टेकड्यांवर कुणी हललं नाही. "दट्ट्या जरा घट्ट चाललाय," मी म्हटलं. मेजर म्हणाले, "बसा आता गपगुमान."

पुन्हा सोलापूर

मेजरांचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. मी ते गॅरेजात वाचलं, मग घरी जाऊन महादेवीला वाचून दाखवलं.

सप्टेंबरात एका शुक्रवारी सहा वाजले आणि इंजिन वाजलं नाही. यानिसची पाळी. सात वाजायच्या आत हसन सैनिकांच्या चौकीवर येऊन उभा राहिला. तक्रार करायला आला असेल म्हणून कॅप्टननं वही उघडली. हसन म्हणाला, "यानिसला बरं न्हाय का?" चौकशी केली तर यानिस तापानं फणफणलेला. तेव्हा हसननं परवानगी मागितली. आठवडाभर यानिसच्या पाळीला त्यानंच इंजिन चालवलं आणि पाट यानिसच्या बाजूला फोडला. परवानगी यायला दुपार झाली, म्हणून त्या शुक्रवारी त्याची नमाज चुकली.

पुढच्या आठवड्यात यानिस उठला. ठरलेली वेळ सहाची. त्या दिवशी त्यानं इंजिन पावणेसहालाच वाजवलं. म्हणजे सरळ सरळ कराराचा भंग, आणि कॅप्टन लार्सननं तो वेळेसकट वहीत लिहून ठेवला. पलीकडून तक्रार काही आली नाही. हसन अंगणात येऊन उभा राहिला होता, आणि नऊ वाजता इंजिन बंद होईपर्यंत तो आत गेला नाही, असं मेजरांनी लिहिलंय.